भयाचा घरगुती कारखाना

गेल्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनाची तयारी सुरू असता दहावीच्या वर्गातील पाचसहा मुले आमच्या खोलीत आली. त्यांना एक लहानशी नाटिका बसवावयाची होती. विषय, पडक्या हवेलीतील भूत. त्यांनी पुढे केलेला कागद आम्ही उलगडूनही पाहिला नाही. 'काही तरी संस्कारक्षम करा,' असे हेडमास्तरी उत्तर देऊन आम्ही त्यांची बोळवण केली. मुले निघून गेली. एक मात्र दाराशी घुटमळला. हा मुलगा एरवी वर्गात फारसे तोंड उघडत नाही. अत्यंत अदबीने त्याने विचारले, "सर, इसमें बुराई क्या है?"

आम्ही रागावलो नाही. पण उत्तरही दिले नाही. तीस वर्षे शिक्षकाचा पेशा केलेल्या माणसापाशी अशा प्रसंगी चारदोन तयार वाक्ये असतात. त्यांतले एकही त्या दिवशी ओठावर येईना, याचे कारण त्या मुलाला ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. आम्हाला मात्र ते पुरते ठाऊक होते. ते कारण १९८६ सालचे आहे.

त्या वर्षी आमच्या रामबागेतील वाड्यात गणेशोत्सवानंतरच्या एका शनिवारी वर्गणी काढून व्हिडिओ आणला गेला. ज्यांनी तो काळ पाहिला आहे त्यांना सांगावयास नको, की रात्रभराच्या भाड्यात तीन चित्रपट बसवल्याखेरीज कोणाचे समाधान होत नसे. पहिला धार्मिक, दुसरा कौटुंबिक, आणि वडीलधारी मंडळी पेंगू लागली की तिसरा. तो तिसरा होता 'पुराना मंदिर'. आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, हेही शिक्षकच. त्यांनी अगोदरच बजावले होते की असले हिडीस प्रकार पाहावयाचे नाहीत; आणि स्वतः ते कंदिलाएवढ्या उजेडात ओट्यावर पुस्तक घेऊन बसले होते. आजी मात्र उठली नाही. तिने पदर डोळ्यांवर ओढला आणि दर दोन मिनिटांनी ती विचारीत राहिली, "अरे, गेला का रे तो मेला?" गेला म्हटले की पदर खाली येई, आणि नेमका त्याच वेळी तो परत येई. त्या रात्री आजी जितकी भ्याली, तितकीच ती रमलीही होती. पुढे कित्येक महिने तिच्या गप्पांत सामरी राक्षसाचा उल्लेख वाड्यातल्याच एखाद्या बिऱ्हाडकरूसारखा येत असे.

हा चित्रपट कोणी केला, याची चौकशी आम्ही त्या वेळी केली नाही, पुढेही केली नाही. एम. ए. झालेल्या माणसाने कोणत्या गोष्टींची चौकशी करावयाची नसते याचेही एक शिक्षण आपल्याला मिळत असते. परंतु त्या मुलाचा प्रश्न मनातून जाईना, तेव्हा जुनी कात्रणे, पुस्तके व मुलाखती आम्ही धुंडाळल्या. त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. विशेषतः त्यातील एक धागा असा निघाला की मराठीच्या अध्यापकाने तो इतकी वर्षे पाहिला नाही याची शरम वाटावी.

'पुराना मंदिर' १९८४ साली पडद्यावर आला. दिग्दर्शक दोन भाऊ, तुलसी रामसे आणि श्याम रामसे. त्यांचे वडील फतेहचंद रामसिंघानी यांचे फाळणीपूर्वी कराचीत रेडिओचे दुकान होते. गोऱ्या गिऱ्हाइकांना आडनाव उच्चारता येईना म्हणून त्याचे 'रामसे' झाले, असे सांगतात. १९४७ नंतर हे सिंधी कुटुंब मुंबईस आले, लॅमिंग्टन रोडवर पुन्हा दुकान थाटले, आणि मग सिनेमाच्या नादी लागले. १९५४ साली भगतसिंगांवरचा 'शहीद-ए-आझम भगतसिंग' हा त्यांचा पहिला प्रयत्न. नंतर १९६३ साली 'रुस्तम सोहराब' निघाला. पृथ्वीराज कपूर, प्रेमनाथ आणि सुरैया. सुरैयांचा पडद्यावरील हा अखेरचा चित्रपट. संगीत सज्जाद हुसेन यांचे, म्हणजे आमच्या माळव्यातील सीतामऊच्या माणसाचे. आणि दिग्दर्शक? विश्राम बेडेकर!

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे, कारण आम्हीही थांबलो होतो. 'रणांगण'कार बेडेकर, १९३९ साली एका बोटीवरच्या थोड्या दिवसांत चक्रधर आणि हॅर्टा यांची कहाणी सांगून मराठी कादंबरीला अगदी निराळ्या वाटेवर नेणारे बेडेकर, 'टिळक आणि आगरकर'चे नाटककार, १९८६ च्या मुंबई साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. म्हणजे ज्या वर्षी आम्ही वाड्यात चोरून 'पुराना मंदिर' पाहत होतो, त्याच वर्षी ते आमच्या सारस्वतांच्या सर्वोच्च आसनावर होते. बेडेकर सिनेमाच्या धंद्यात होते, त्याचे शिक्षण घेण्यासाठी इंग्लंडला गेले होते, त्या परतीच्या प्रवासातूनच 'रणांगण' निघाले, हे आम्ही परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत लिहिलेले आहे. त्या धंद्यात पुढे ते कोणाकोणाबरोबर उभे होते हे विचारावेसे आम्हाला कधी वाटले नाही.

या रामसे कुटुंबासाठी बेडेकरांनी आणखी एक चित्रपट दिग्दर्शित केला. 'एक नन्ही मुन्नी लडकी थी', साल १९७०. तो साफ पडला. परंतु त्यात एक प्रसंग होता. पृथ्वीराज कपूर अक्राळविक्राळ मुखवटा चढवून चोरीस जातात, समोरची माणसे हादरून जातात. तुलसी आणि श्याम हे दोघे भाऊ थिएटरात बसून पडद्याऐवजी प्रेक्षकांकडे पाहत होते. श्याम तेव्हा अवघा अठरा वर्षांचा. त्यांच्या ध्यानात आले की बाकी चित्रपटभर कंटाळलेले लोक तेवढ्या प्रसंगापुरते ताठ बसतात. काही तर तेवढ्यासाठीच तिकीट काढतात आणि तो संपला की उठून जातात. मुलांनी घरी येऊन वडिलांना सांगितले, की हा एवढा तुकडाच आपण तीन तासांचा का करू नये?

म्हणजे हिंदी चित्रपटसृष्टीत पुढे वीस वर्षे चाललेल्या भुताच्या धंद्याचे बीज 'रणांगण'च्या लेखकाने दिग्दर्शित केलेल्या एका पडीक चित्रपटात आहे! आम्ही हा धागा फार ताणू इच्छित नाही. बेडेकरांना भयपट काढावयाचा नव्हता, आणि रामसे बंधूंना साहित्य निर्माण करावयाचे नव्हते. पण एका ग्रंथाला कपाटाच्या वरच्या फळीवर मान देताना त्याच हातांनी केलेले दुसरे काम आपण कसे सोयीस्करपणे विसरून गेलो, हे मात्र आम्हाला टोचले.

वडिलांचे मन वळले. पण भाड्याचे तंत्रज्ञ परवडणार नव्हते. भाऊ सात. तेव्हा असे ठरले की सगळे घरातच शिकावयाचे. जोसेफ मॅसेली या अमेरिकन छायालेखकाचे चित्रणकलेवरील एक पाठ्यपुस्तक मिळवून सगळे भाऊ काश्मीरला एका हाऊसबोटीवर जाऊन राहिले आणि तेथे त्या पुस्तकाचा अभ्यास व कॅमेऱ्याचा सराव केला. गुरुकुलाची ही तऱ्हा वाचून आम्ही पुस्तक मिटून काही वेळ नुसतेच हसत बसलो होतो. कामाची वाटणीही घरगुतीच: कुमारने लिहावयाचे, गंगूने कॅमेरा धरावयाचा, किरणने ध्वनी, अर्जुनने संकलन, केशूने चित्रण व निर्मितीची धावपळ, आणि तुलसी व श्याम यांनी दिग्दर्शन. त्यातही श्याम हा भयाच्या प्रसंगांचा खरा कारागीर.

पहिला चित्रपट 'दो गज जमीन के नीचे' १९७२ साली आला. त्याचे चित्रण महाबळेश्वरास झाले. नटनट्या, सामान आणि घरची माणसे गाड्यांत घालून नेली; मुक्काम सरकारी विश्रामगृहात; स्वयंपाकपाणी घरच्या बायकांकडे. सुमारे चाळीस दिवसांत आणि साडेतीन लाखांच्या आसपास रकमेत काम उरकले, असे त्या कुटुंबातील मंडळी सांगत आली. जुन्या इंदूरकरांना यात नवल वाटू नये. पाणक्या, आचारी आणि कपड्यांच्या पेट्या घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या आपल्या नाटक मंडळ्यांचे बिऱ्हाड याहून निराळे नव्हते. फरक इतकाच, की त्या मंडळ्यांच्या आठवणींना आपण 'वैभवाचा काळ' म्हणतो.

हे असे चित्रपट विलायतेतही होत होते, आणि रामसे बंधूंच्या डोळ्यांसमोर तो नमुना होता. लंडनच्या पश्चिमेस थेम्सकाठच्या ब्रे गावी हॅमर नावाच्या कंपनीने एका जुन्या कोठीचाच स्टुडिओ केला होता. तेथे टेरेन्स फिशर या दिग्दर्शकाने १९५७ साली फ्रँकेन्स्टाइनवर आणि १९५८ साली ड्रॅक्युलावर चित्रपट काढले. हा गृहस्थ तरुणपणी व्यापारी जहाजांवर होता, मग संकलक झाला, आणि चाळिशी उलटल्यावर दिग्दर्शनाकडे वळला. पैसा थोडा, दिवस मोजके. तोच जिना, तेच दालन. पडदे बदलले, मेणबत्त्या हलवल्या, की दुसऱ्या चित्रपटाचा वाडा तयार. लंडनच्या टीकाकारांनी नाके मुरडली. पण १९६८ साली याच कंपनीला उद्योगधंद्यासाठी असलेले राणीचे पारितोषिक मिळाले; कारण तिच्या भुतांनी देशाला परकीय चलन मिळवून दिले होते. इंग्रज हा व्यवहारी माणूस. रामसे बंधूंच्या वाट्याला असले राजमान्य कौतुक आले नाही.

'दरवाजा' (१९७८), 'और कौन' (१९७९), 'गेस्ट हाऊस' (१९८०), 'दहशत' (१९८१) अशी मालिका सुरू झाली. 'और कौन'मध्ये नायक म्हणून आपले सचिन आहेत, आणि त्यासाठी किशोरकुमारांनी गाणे गायिले आहे. तेच किशोरकुमार, ज्यांच्या ख्रिश्चन कॉलेजातील उधारीच्या कथा इंदुरात अजून सांगितल्या जातात. मोठे नट या चित्रपटांकडे येत नसत, आणि आले तर परवडत नसत. मोठ्या शहरांतील चकचकीत थिएटरांतही त्यांना जागा कमीच. त्यांचा खरा प्रेक्षक तालुक्याच्या गावचा, कापडगिरणीच्या वस्तीतला, रात्रीच्या शेवटच्या खेळाला येणारा. आमच्याकडे मालवा मिलच्या पाळीवरून सुटलेले कामगार अशा खेळांना गर्दी करीत, हे आम्ही पाहिले आहे. तिकिटाचे पैसे वसूल झाले की नाही हे ते घाबरण्यावरून ठरवीत. हा हिशेब फार प्रामाणिक असतो. कवितेला दाद खोटी देता येते. किंकाळी खोटी देता येत नाही.

'पुराना मंदिर'मध्ये या सगळ्या कारागिरीचा कळस झाला. कथा आपल्या कुळाचारांना परिचित अशीच आहे. राजाने एका नरराक्षसाचे शीर उडविले. धड एकीकडे पुरले, शीर दुसरीकडे त्रिशूळाच्या पहाऱ्यात ठेवले. मरताना त्याने शाप दिला, की शीर व धड पुन्हा एकत्र येईपर्यंत या घराण्यातील प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल. आमच्या आजीला हा भाग मुळीच खोटा वाटला नाही. तिच्या स्वतःच्या दोन जावा बाळंतपणात गेल्या होत्या, आणि घराण्याला लागलेला दोष ही तिच्या लेखी सिनेमातील कल्पना नव्हती. ती त्या रात्री एकदाच पदर न घेता बसली, ती हा शाप ऐकताना. त्या वेळी आम्हाला ते उमजले नव्हते.

राक्षसाचे काम करणारे अनिरुद्ध उर्फ अजय अगरवाल हे रुडकीला शिकलेले अभियंते. उंची आणि चेहरा असा की मुखवट्याची फारशी गरज नव्हती. 'अर्धसत्य'मुळे नुकतेच गाजलेले आपल्या नगरचे सदाशिव अमरापूरकरही या चित्रपटात आहेत. चित्रण झाले मुरूडला, नवाबाच्या वाड्यात. समुद्राची दमट हवा, उंच कमानी आणि रिकामे सज्जे हे तेथे फुकट मिळत होते. उरलेले काम निळा उजेड, कृत्रिम धुके आणि कुरकुरणारे दार यांचे. श्याम रामसे यांची हातोटी अशी, की दार उघडण्यापूर्वीचा वेळ ते लांबवीत. दारामागचा राक्षस त्यांच्या खर्चात बसेल तेवढाच असे. पण दारापुढचा काळोख कितीही वापरला तरी पैसा पडत नव्हता. शिक्षकाला ही युक्ती परिचित आहे. छडी मारण्याहून ती टेबलावर ठेवून स्वस्थ बसणे अधिक परिणामकारक, हे आमच्या पिढीच्या मास्तरांना कोणी शिकवावे लागले नाही.

येथे आमचे आक्षेपही नोंदवले पाहिजेत. या चित्रपटांतील जगदीप प्रभृतींचे विनोदी उपकथानक, जे 'पुराना मंदिर'मध्ये 'शोले'ची नक्कल करते, ते आज पाहवत नाही. नायिकेला वारंवार न्हाणीघरात धाडण्यामागचा हेतू कलेचा नव्हता, गल्ल्याचा होता. कुरूप तो दुष्ट, व्यंग असलेला तो भयंकर, ही समजूत त्यांनी निर्लज्जपणे वापरली. अण्णांचा विरोध अगदीच निराधार होता असे म्हणवत नाही. आणि १९८८ चा 'वीराना' किंवा १९९० चा 'बंद दरवाजा' यांत चमक असली, तरी पुढेपुढे तीच हवेली, तोच चौकीदार आणि तीच विजेची कडकड यांचा वीट येऊ लागला. घरगुती कारखान्याचा हा दोषच असतो. साचा एकदा चालला की तो बदलण्याचे धाडस होत नाही.

१९९३ पासून झी वाहिनीवर 'झी हॉरर शो' सुरू झाला आणि रामसे बंधूंचे भूत थेट घराघरांत आले. पण जे घरात फुकट मिळते त्यासाठी थिएटरात कोण जाणार? भाऊही आपापल्या वाटांनी गेले. केशू यांनी भुते सोडून मारामारीचे मोठे चित्रपट काढले. श्याम मात्र हट्टाने त्याच वाटेवर राहिले: २००३ साली 'धुंद', २००७ साली 'घुटन', २०१४ साली 'नेबर्स'. तोवर प्रेक्षक संगणकावर घडवलेली परदेशी भुते पाहून तयार झाला होता; हाताने रंगविलेल्या मुखवट्याला तो हसू लागला होता. तुलसी रामसे १३ डिसेंबर २०१८ रोजी गेले. श्याम १८ सप्टेंबर २०१९ रोजी, वयाच्या ६७ व्या वर्षी. दोघेही मुंबईतच.

नशिबाचा खेळ असा, की तुलसी गेले त्याच्या दोनच महिने आधी राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' प्रदर्शित झाला होता. त्याच्या मुळाशी नारायण धारपांच्या कथेची प्रेरणा आहे. त्या धारपांची, ज्यांची पुस्तके आम्ही वाचनालयातून आणून वर्तमानपत्राचे कव्हर घालून वाचीत होतो. चित्रपट पुरा होण्यास सहा वर्षे लागली, आणि २०२४ साली तो पुन्हा थिएटरांत आला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा अधिक चालला. त्याच २०२४ साली नानासाहेब सरपोतदारांच्या घराण्यातील आदित्य सरपोतदार यांनी कोकणातला मुंजा हिंदी पडद्यावर नेला आणि त्याने शंभर कोटींच्या वर गल्ला केला. इकडे आमच्या मध्य प्रदेशातील चंदेरीच्या गल्ल्यांत 'स्त्री'चे चित्रण झाले. पिंपळावरचा मुंजा, विहिरीवरची हडळ, वेशीवरचा वेताळ यांना एकाएकी प्रतिष्ठा आली. वर्तमानपत्रांतून 'लोकपरंपरेचा शोध' वगैरे मथळे झळकले. ते वाचताना आम्हाला महाबळेश्वरच्या विश्रामगृहात पन्नास माणसांच्या पोळ्या लाटणाऱ्या त्या बायका आठवत राहिल्या, ज्यांची नावे कोणत्याच श्रेयनामावलीत नसावीत.

अण्णांविषयी एक सांगावयाचे राहिले. त्या रात्री 'पुराना मंदिर' संपला तेव्हा पहाटेचे चार वाजले असतील. आम्ही चोरपावलांनी ओट्यावरून आत जात होतो. अण्णा जागेच होते. पुस्तक मांडीवर, पान संध्याकाळचेच. आता बोलणी बसणार म्हणून आम्ही मान खाली घालून उभे राहिलो. ते काही वेळ गप्प बसले, आणि मग गल्लीकडे पाहत, आमच्याकडे न पाहता, म्हणाले, "त्या शिराचं शेवटी काय झालं रे?"

आम्ही सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि "जा, झोप आता," एवढेच म्हणाले. पुढे हा विषय आमच्या दोघांत पुन्हा कधी निघाला नाही.

तो मुलगा आता अकरावीत आहे. या वर्षी आम्हीच त्याला बोलावून घेतले आणि गेल्या वर्षीचा कागद आहे काय, असे विचारले. त्याने तो दप्तरात जपून ठेवलेला होता. घड्या फाटल्या होत्या. या खेपेस आम्ही तो पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत वाचला, आणि गेल्या वर्षी तो देताना मुले एकमेकांकडे का पाहत होती याचा उलगडा झाला. हवेलीतील भूत पूर्वजन्मी एका सरकारी शाळेचे हेडमास्तर होते. रात्री बारा वाजता ते हजेरी घेते, आणि जो 'उपस्थित' म्हणणार नाही त्याच्या मागे लागते.

आम्ही त्यात एक काना-मात्राही बदललेली नाही. तालीम मधल्या सुट्टीनंतर चालते. भुताच्या अंगावर घालण्यासाठी आमच्या घरच्या माळ्यावरची आजीची जुनी घोंगडी मुलांनी नेली आहे, आणि हजेरीपटही त्यांना आमचाच खरा हवा आहे. त्याविषयी मात्र अजून वाटाघाटी चालू आहेत.